गोड्या पाण्याची पाच मिनिटं

माझ्या दुकानावर उघडण्या-मिटण्याची वेळ लिहिलेली नाही, कारण ती रोज बदलते. दिवाळे गावात होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याला घड्याळाआधी तिथी बघावी लागते. आमच्याकडे जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. एकदा रात्री-पहाटेची आणि एकदा दिवसाची. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. पनवेलच्या खाडीत आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढा मनात धरायचा. ओहोटी लागली की काठाची होडी गाळात बसते आणि पुढचं पाणी येईपर्यंत ती कुणाच्या बापाला हलत नाही. त्यामुळे पहाटे पाचला सुरू व्हायला हवं असलेलं इंजिन मी सातला सुरू करून दिलं, तर उशीर फक्त दोन तासांचा होत नाही. त्या घराची अख्खी खेप जाते.

दिवाळे नवी मुंबईत, बेलापूरच्या टोकाला आहे. एका बाजूला पालिकेचं मोठं मुख्यालय आणि त्याच्यापुढचा उंच झेंडा, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि खाडीपलीकडे विमानतळ. तिथली उलव्याची टेकडी आमच्या डोळ्यांदेखत सपाट झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहिलं. १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. हे सगळं आमच्या घराघरांत माहीत आहे. पण शहरासोबत एक भाषाही आली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. तरुणांचे मेळावे भरतात, करिअरवर व्याख्यानं होतात, आणि व्यासपीठावरचा प्रत्येक जण सांगतो, 'तुमच्यात प्रचंड क्षमता आहे.' पोरं टाळ्या वाजवतात. ती क्षमता घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं करायचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स आयटीआयमधून केला. होडीच्या इंजिनाचं काम शिकलो ते त्यानंतर, भाऊच्या धक्क्यावर एका जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली. त्यांनी मला सुरुवातीला इंजिनाला हात लावू दिला नाही. पाने पुसायचे, नंबरवारीने खिळ्यांवर टांगायचे, संध्याकाळी मोजायचे. इंजिन खोललं की प्रत्येक नट ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ट्रेमध्ये ठेवायचा. ते म्हणायचे, 'जुळवल्यावर एक नट हातात उरला तर काम झालंच नाही असं समज. पुन्हा खोल.' त्यांच्या हातात जादू आहे असं सगळा धक्का म्हणायचा. मी जवळून जे बघितलं ते साधं होतं. ते कधी अंदाजाने बोल्ट आवळत नसत, अर्धवट काम झाकून घरी जात नसत आणि रात्री कितीही उशीर झाला तरी हत्यारं तशीच टाकत नसत. जादू म्हणायचीच तर तिचं भांडवल एवढंच.

आमच्या धंद्यातलं सगळ्यांत मोठं काम सगळ्यांत छोटं आहे. खाडीवरून परत आलेलं इंजिन गोड्या पाण्याने धुणं. आउटबोर्ड इंजिन थंड राहतं ते खाडीच्याच पाण्यावर. त्याच्या खालच्या भागात रबरी इम्पेलर असतो. तो पाणी ओढून वर ढकलतो, ते पाणी इंजिनाच्या आतल्या वाटांनी फिरतं आणि बाजूच्या बारीक नळीतून धारेने बाहेर पडतं. ती धार बारीक झाली की नाखव्याने सावध व्हायचं, बंद झाली की इंजिन बंद करायचं. आमच्या खाडीत पाण्यासोबत गाळ येतो, तो इम्पेलरच्या पाती झिजवतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात, त्या पंख्याला गुंडाळतात नाहीतर पाणी ओढायची जाळी झाकतात. पण हे शत्रू दिसतात तरी. मीठ दिसत नाही. इंजिन बंद झाल्यावर आत राहिलेलं खारं पाणी वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. एका दिवसाचं मीठ म्हणजे काहीच नाही. मात्र थरावर थर बसत जातो, वाटा अरुंद होतात, थर्मोस्टॅट अडकतो, आणि एके दिवशी भर खाडीत इंजिन तापून बसतं.

यावर उपाय काय? ड्रममध्ये गोडं पाणी भरायचं, इंजिनाचा खालचा भाग त्यात बुडवायचा आणि पाच मिनिटं इंजिन हळू चालू ठेवायचं. एवढंच. याला मेकॅनिक लागत नाही, शिक्षण लागत नाही, पैसा जवळजवळ लागत नाही. तरी तापून बंद पडलेलं इंजिन माझ्याकडे आलं की हेड उघडण्याआधीच मला कळतं, आत काय सापडणार. पांढरा, दगडासारखा घट्ट थर.

ही पाच मिनिटं का मिळत नाहीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आळस हे सोपं उत्तर झालं. कोळी माणूस आळशी नाही. पहाटे अंधारात उठून चिखलातून होडी काढणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? अडचण वेळेची आहे. धुण्याची ती पाच मिनिटं नेमकी तेव्हा येतात जेव्हा अंग मोडलेलं असतं, म्हावरं लवकर काठावर न्यायचं असतं, बाजाराला निघालेली बायको पाटी घेऊन उभी असते. चांगल्या सवयीची खोड अशी, की ती ताज्यातवान्या माणसाकडे काही मागत नाही. थकलेल्याकडेच मागते. आणि त्या घडीला न केल्याची शिक्षा लगेच मिळत नाही. आज धुतलं नाही तर उद्या इंजिन चालतं. परवाही चालतं.

म्हणून मी उपदेश सोडला आणि सोय केली. दुकानाबाहेर पाण्याचा ड्रम भरून ठेवायला लागलो. होडीवाल्यांनी इंजिन आणावं, बुडवावं, चालवावं, जावं. फुकट. शेजारचे हसले, की हा स्वतःच्याच पोटावर पाय देतो, इंजिनं बिघडली नाहीत तर याच्याकडे येणार कोण? झालं उलटं. रोज ड्रमवर येणारा माणूस रोज माझ्या नजरेखालून जायला लागला. इम्पेलरची धार बारीक झालेली मला त्याच्याआधी दिसायला लागली. झिंक संपत आलेलं दिसायला लागलं. हे झिंक म्हणजे इंजिनाला बाहेरून लावलेला जस्ताचा तुकडा. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकत्र असले की एक झिजतो आणि दुसरा वाचतो. जस्त आधी झिजतं, म्हणून ॲल्युमिनियमचं अंग वाचतं. निम्मं झिजलं की बदलायचं. किंमत किरकोळ, पण विसरलं तर पुढचा खर्च झोप उडवणारा. मोठी दुरुस्ती कमी झाली, छोटी कामं वाढली, आणि छोट्या कामांवर घर जास्त शांतपणे चालतं.

पैशांच्या बाबतीतही मी दोनच गोष्टी पाळतो. काम सुरू करण्याआधी अंदाजे खर्च सांगायचा, आणि काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा. बाजारात बसलेली मावशी गिऱ्हाइकाने विचारायच्या आत माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवते, तसंच हे. इंजिनाच्या आत काय झालं ते नाखव्याला दिसत नाही. झिजलेला इम्पेलर त्याच्या तळहातावर ठेवला की बोलायची गरज राहत नाही. पार्ट परत द्यायची सवय लावून घेतली आणि मग माझ्याच लक्षात आलं, की तिने माझं कामही सुधारलं. जो पार्ट दाखवायचा आहे तो उगाच बदलता येत नाही.

दुकानात दोन मुलं शिकायला आली. जवळजवळ एकाच सुमारास, दोघंही गावातलीच. त्यांची नावं सांगत नाही, गावाला माहीत आहेतच.

पहिल्याला कान होता. देवाने दिलेला. जेट्टीवर उभा राहून तो लांबून येणाऱ्या होडीचा आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, 'दादा, तिचा एक सिलिंडर मारत नाही.' होडी काठाला लागली की प्लग काढून बघायचं. काळा, ओला. मला अनेक वर्षांनी जे ऐकू यायला लागलं ते त्याला पहिल्या महिन्यात ऐकू येत होतं. गावात त्याचं नाव झालं. कौतुक झालं. आणि तो दुकानात येईनासा झाला. येईनासा म्हणजे पूर्ण बंद नाही, पण आला तर अकराला, नाहीतर दुपारी जेवून. आवाजावरून दोष सांगायचा आणि दोष काढायचं काम दुसऱ्यावर टाकून निघून जायचा. त्याचंही एका अर्थाने बरोबर होतं. लोक त्याच्या ओळखण्याचंच कौतुक करत होते, बोल्ट आवळल्याचं नाही.

दुसऱ्याला कान नव्हता. हातही जड. बारीक स्क्रू त्याच्या बोटांतून निसटायचा. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती जी शिकवता येत नाही असं मला वाटायचं: 'कळलं नाही' हे तो लगेच म्हणायचा. मान हलवून वेळ मारून न्यायचा नाही. आणि तो लिहायचा. मी प्रत्येक होडीसाठी वहीत एक पान ठेवतो, त्यात ऑइल कधी बदललं, झिंक कधी लावलं, एवढंच असायचं. त्याने त्या पानांवर सगळं टिपायला सुरुवात केली. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे सील गळून पाणी आत शिरलं. डिझेलच्या फिल्टरच्या वाटीत पाणी सापडलं, टाकी रात्री अर्धी रिकामी ठेवतात, म्हणून आतल्या हवेतली वाफ थंडीने टाकीत उतरते. अमक्या होडीच्या ग्लँडमधून एकही थेंब येत नाही, पॅकिंग जास्त आवळलंय. आतल्या इंजिनाच्या होडीत शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे चालताना थोडे थेंब पडायलाच हवेत, नाहीतर शाफ्ट तापतो. हे बारकावे पुस्तकात असतात, पण कोणत्या होडीत काय होतंय ते फक्त वहीत असतं. बघता बघता त्याची वही दुकानाची स्मरणशक्ती झाली. लोक त्याला विचारायला लागले, 'माझं इम्पेलर कवा बदललंय रं?' तो पान उघडून सांगायचा.

इथे गोष्ट संपवून टाकणं सोपं आहे. कष्टाळू जिंकला, हुशार हरला. पण तसं घडलं नाही, आणि तसं घडावं अशी माझी इच्छाही नव्हती. इतका चांगला कान वाया जाणं म्हणजे भरतीला आलेलं म्हावरं परत सोडून देणं झालं असतं.

आमच्या खाडीत नवरा-बायको मिळून मासेमारी करणारी जोडपी आहेत. छोटी होडी, एक वल्हवतो, एक जाळं ओढतो. कोलंबी, बोयटं, चिंबोरी, जे मिळेल ते, आणि बाई तेच घेऊन बाजारात बसते. अशाच एका जोडप्याचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन सारखं बिघडायचं. मी पहिल्या मुलाला बोलावलं आणि म्हटलं, 'आजपासून हे इंजिन तुझं. बिघडलं तर ते तुला फोन करतील. मला नाही.' जोडप्यालाही तसंच सांगितलं. पगार वाढवला नाही, ताकीद दिली नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या जोडप्यातली मावशी दुकानात आली आणि त्याला म्हणाली, 'बाला, उद्या पहाटची भरती हाय. येशील नं रं?' त्याने मान हलवली. आणि पहाटे तो जेट्टीवर होता, माझ्याआधी. कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, इंजिन लागलं. संध्याकाळी होडी परत आली तेव्हाही तो काठावर उभा. स्वतःच ड्रममध्ये पाणी भरून इंजिन धुतलं. मी काही बोललो नाही.

माझ्या मते बदल कशामुळे झाला? त्याच्या अंगात काही नवं आलं नाही. कान तोच, आळसही तोच. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याला ओढ नसते आणि फारसं कुणी बाहेर पडत नाही तेव्हा, तो आजही उशिराच येतो. उधाणाला मात्र तो कधी चुकत नाही. याचा अर्थ त्याने वक्तशीरपणा नावाचा गुण अंगी बाणवला असं नाही. तो वेळेला पोचतो ते घड्याळासाठी नाही, माणसासाठी. कुणीतरी अंधारात उभं राहून त्याची वाट बघत असतं, म्हणून.

क्षमतेबद्दल आपण बोलतो ते ती आपल्या मालकीची आहे अशा थाटात. माझ्यातले गुण, माझा विकास, माझं ध्येय. मला या कामाने वेगळं दाखवलं. अंगातला गुण एकटा असतो तोवर तो करमणूक असतो, फार तर कौतुक. दुसऱ्या कुणाची खेप त्याच्यावर अवलंबून राहिली की तो काम होतो. मग वेळेवर येणं, धुणं, पुसणं, लिहून ठेवणं, खर्च आधी सांगणं, 'मला कळलं नाही' म्हणणं, या बारीकसारीक गोष्टी म्हणजे त्या वाट बघणाऱ्याशी असलेला व्यवहार. त्या स्वतःच्या प्रगतीसाठी करायला गेलं की आठवडाभरात सुटतात. कुणाचं तरी देणं म्हणून केल्या तर टिकतात. दुसरा मुलगा हे न सांगता जाणत होता, कारण त्याला पहिल्यापासून लोकांना उत्तरं द्यायची होती. पहिल्याला तसा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. त्याला सगळे फक्त शाबासकी देत होते.

दिवाळीत हे दोन्ही गुण एकत्र कसे लागतात ते दिसतं. आमच्या गावच्या बहिरीदेवाची जत्रा दिवाळीत असते. गावकरी होड्या घेऊन पाण्यात जातात, देवाची मूर्ती समुद्रातून वर आणतात, गावात दर्शन होतं आणि मग देव परत पाण्यात. त्या दिवशी गावातली होडी मागे राहिली तर घराला वाईट वाटतं. म्हणून दुसरा आधीच वही काढून बसतो: कुणाचे प्लग जुने, कुणाचा इम्पेलर वर्षभर बदललेला नाही, कुणाच्या फिल्टरची वाटी साफ करायची आहे. पहिला यादी हातात घेऊन एकेक इंजिन चालू करून ऐकत जातो. वहीत सगळं ठीक असलेल्या एखाद्या इंजिनापाशीही तो थांबतो, डोकं वाकवतो आणि म्हणतो, 'हिला काहीतरी होतंय.' बहुतेक वेळा खरंच होत असतं. आता तो स्वतः वहीत लिहितो. अक्षर भयंकर आहे.

जून-जुलैचे दोन महिने आमचे खरे शाळेचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, इंजिनं उतरवून दुकानात येतात. घाई नसते, म्हणून याच काळात सवयी सुटतात. पाऊस कोसळत असतो, समोर कुणी उभं नसतं, काम उद्यावर ढकललं तरी कुणाला कळणार नाही. त्या दिवसांसाठी मी एक युक्ती केली आहे. प्रत्येक इंजिनावर मालकाच्या नावाची चिठ्ठी लावतो, नुसत्या नंबराची नाही. नंबर थांबू शकतो. चिठ्ठीवर ओळखीच्या काकांचं नाव वाचलं की मुलाचा हात आपोआप नीट चालतो, कारण ऑगस्टच्या पहिल्या भरतीला काका काठावर दिसणार आहेत.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हे लिखाणही व्यासपीठावरच्या भाषणासारखं होईल. शिस्तीने इंजिन चालतं, खाडीत मासे येत नाहीत. तळोजा औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी कासाडी नदीतून याच खाडीत उतरत आलं, त्यावरचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. गाळ वाढला, भराव पडले. पूर्वी सहज मिळणारा जिताडा आता मिळाला तर फोटो काढतात. रिकाम्या जाळ्याने परत आलेल्या माणसाला 'सवयी सुधार' असं सांगणं निर्लज्जपणाचं आहे. त्याचं दुखणं एकट्याच्या सद्गुणाने बरं होणारं नाही, त्याला कायदा लागतो, संघटना लागते, सरकार लागतं. मला एवढंच म्हणायचं आहे, की संघटनाही याच बारीक गोष्टींवर उभी राहते. सभेला वेळेवर येणारे, इतिवृत्त लिहिणारे, वर्गणीचा हिशेब दाखवणारे चार लोक नसतील तर मोर्च्यातल्या हजारांचा आवाज दुसऱ्या दिवशी कुठे जातो ते आपण बघितलेलं आहे.

अधूनमधून कुणी आई-बाप मुलाला घेऊन दुकानात येतात. 'पोरगा हुशार आहे हो, फक्त मनावर घेत नाही. तुम्ही जरा सांगा त्याला.' मी आता मुलाला काही सांगत नाही. आई-बापांना एकच विचारतो: घरात असं कोणतं काम आहे, जे याने केलं नाही तर कुणाचं तरी अडेल? बहुतेक घरांत तसं काम नसतं. त्याचं पाणी आई भरते, फोनचं बिल बाप भरतो, परीक्षेची तारीख क्लासवाले कळवतात. एवढा मोठा मुलगा आणि त्याच्यावाचून कुणाचं काहीच अडत नाही. मग मी म्हणतो, त्याला इथे ठेवायचा असेल तर ठेवा, पण पहिल्या आठवड्यातच मी त्याच्या नावावर एक होडी करणार. नाखवा त्याला पहाटे फोन करेल. तुम्ही त्याला उठवायचं नाही.

काही जण ठेवून जातात, काही जण विचार करतो म्हणून निघून जातात.